सुपात पाखडणारी गाडी : गोल्फ कार्टच्या मागच्या पाट्यांच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची गर्दी ओसरली. पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्या आहेत, तेव्हा गाडी खोलायची तर आत्ताच. नाताळच्या गर्दीपर्यंत सहा आठवडे हातात आहेत.

आधी गाडीबद्दल. आमचं घर गुहागरला, रस्त्यापासून बरंच आत. नारळी-पोफळीच्या आगरातून ३८० मीटर जांभ्याची वाट आहे. पाहुण्यांच्या बॅगा आणि गुडघे धरून चालणारी मंडळी आणायला दीड वर्षापूर्वी जुनी गोल्फ कार्ट घेतली. ४८ व्होल्टची, आठ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या. मूळची चार सीटांची. आधीच्या मालकाने मागे उलट्या तोंडाची सीट जोडून तिची सहा सीटांची केली. त्याच वेळी त्याने मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, वाढवले असणार, कारण दोन्ही बाजूंना चार-चार आहेत आणि खालचा पाटा वरच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा आहे.

तक्रार एकच. मागे बसलं की हाडं खिळखिळी होतात. दिवाळीत मुंबईच्या एक आजी निम्म्या वाटेत उतरल्या आणि काठी टेकत चालत आल्या. आई म्हणाली, "सुपात घालून पाखडल्यासारखं होतं रे. निवडून झालेले तांदूळ तरी खाली राहतात, मी नाही राहत."

माझा अंदाज : शॉकअप गेलेत. नवे टाकायचे, काम फत्ते. हा अंदाज मला ३,४०० रुपयांना पडला.

१२ नोव्हेंबर

शॉकअप आणायला निघण्याआधी सहज हवा बघितली. चारही चाकांत ३४ पीएसआय! आमच्या हवावाल्याने मोटारीच्या हिशेबाने भरली होती आणि मी दीड वर्ष बघितलं नव्हतं. टायर १८ बाय ८.५०-८ मापाचे, त्यांच्या कडेवर कमाल मर्यादाच २२ लिहिली आहे. मागे २०, पुढे १६ केली.

फरक लगेच कळला. बारीक खडीची थरथर निम्म्याने गेली. मोठे दणके होते तसेच. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. मोटारीचा हवामापक या कमी आकड्यांना भरवशाचा नाही, माझ्याकडच्या दोन मापकांत चारचा फरक निघाला. कमी दाबाचा वेगळा घ्या.

१५ नोव्हेंबर

चिपळूणला जाऊन शॉकअप आणले. गोल्फ कार्टचे तिथे कोण ठेवणार! दुकानदाराने मोटारसायकलचे मागचे गॅसचे शॉकअप दाखवले, बाहेरून स्प्रिंग असलेले, लालभडक. दिसायला झकास. ३,४०० ची जोडी. लांबी साधारण जमत होती, भोकात पितळी नळी बसवून चढवले.

संध्याकाळी चालवून बघितली. आधीपेक्षा वाईट.

रात्री जेवताना डोक्यात प्रकाश पडला. गाडी पाट्यांवर उभी आहे. तिला आणखी स्प्रिंग नकोच होती. पाट्यांची उसळी आवरायला फक्त तेलाचा दांडा हवा होता. मी कडक गाडीला आणखी दोन स्प्रिंगा लावून आलो. दुकानदार वापरलेला माल परत घेत नाही. जोडी चुलतभावाला दिली, त्याने आपल्या मोटारसायकलला लावून वर मलाच फोटो पाठवला.

१७ नोव्हेंबर, रविवार

आता अंदाज बंद, मोजमाप सुरू. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

शेजारच्या बांधकामावरून सिमेंटच्या चार गोण्या उसन्या आणल्या, म्हणजे २०० किलो. शॉकअप दोन्ही काढून ठेवले. मागच्या आसाच्या वर चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जो रबरी ठोकळा असतो, त्याच्यापासून आसापर्यंतचं अंतर टेपने मोजलं.

रिकामी गाडी : ७८ मिलिमीटर.
मधल्या सीटवर दोन, मागच्या सीटवर दोन गोण्या ठेवून : ६७.
गोण्या उतरवून : ७०.

दोन गोष्टी. २०० किलोला गाडी जेमतेम ११ मिलिमीटर बसली. त्याहून महत्त्वाचं, वजन उतरवल्यावर ती परत ७८ ला आलीच नाही, आठ मिलिमीटर खालीच अडकली. पाटे नुसते कडक असते तर वजन काढल्यावर जागेवर आले असते. हे जाम आहेत. गंजलेल्या बिजागरीचं दार जिथे ढकलाल तिथे थांबतं, तसं. लहान खड्ड्याला पाटे हलतच नव्हते. सगळा दणका टायरवर आणि तिथून थेट माणसाच्या मणक्यात. हवा कमी केल्यावर बरं का वाटलं, तेही उमजलं.

सुपातली गाडी नव्हती ही, पाटच होता चार चाकांचा.

१९ नोव्हेंबर

मोठी चूक, आणि ही हसण्यावारी न्यायची नाही.

मुख्य स्विच बंद केला, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, हातब्रेक लावला, मागून जॅक लावून गाडी उचलली. मागची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली आणि गाडी शांतपणे पुढे निघाली. जॅक आडवा, चेसी चिऱ्यावर. माझा हात तेव्हा आत नव्हता, एवढंच नशीब.

या गाडीचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. मागची चाकं हवेत गेली की हातब्रेक असून नसल्यासारखा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही, आणि उचलल्यावर चेसीखाली चिऱ्यांचे खांब रचायचे. जांभ्याचा चिरा भरवशाचा असतो पण ठिसूळ नग निवडू नका, वर फळी टाका.

मग पाटे आसाला आवळून धरणारे यू-क्लॅम्प. आठ नटांपैकी तीन सुटले, पाच कापावे लागले. शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचा, एक बोल्ट घणाने ठोकूनही निघेना. बुशच्या (बोल्टभोवतीच्या रबरी अस्तराच्या) आतली लोखंडी नळी आणि बोल्ट गंजून एकजीव झालेले. मागचा शॅकल पाटा ताणला जाताना मागे-पुढे झुलायला असतो. आमचे दोन्ही शॅकल वेल्डिंग केल्यासारखे ताठ. समुद्र हाकेवर, वर्षातले चार महिने पाऊस, आणि ही गाडी आगराच्या कडेला उघड्या मांडवात उभी. दुसरं काय होणार!

दिवसभरात एकच बाजू उतरली.

२० नोव्हेंबर

मतदान. गॅरेज, टर्नर, हार्डवेअर सगळं बंद. मत देऊन आलो आणि खळ्यात बसून पाटे सुटे केले. दोन पाट्यांच्या मध्ये गंजाचा पापुद्रा आणि त्यात घट्ट बसलेली वाळू. ही वाळू माझ्याच कृपेने. गेल्या वर्षी कोणीतरी सांगितलं म्हणून पाट्यांना जळकं काळं ऑईल फासलं होतं. त्याला वाळू चिकटली, दोन्हींची मिळून कानस झाली, आणि तेलाने रबरी बुश फुगवून वाट लावली ती वेगळीच. काळं ऑईल फासू नका. गावात सगळे फासतात, तरीही.

तारेच्या ब्रशने खरवडता खरवडता संध्याकाळ झाली. एका पाट्याला भेग आहे का ते बघायला रॉकेल लावून पुसलं आणि वर खडूची पूड फासली; भेग असती तर रॉकेल पाझरून रेघ उमटली असती. नाही उमटली.

२३ नोव्हेंबर

बुश. कंपनीचे मागवायचे तर तीन आठवडे. टर्नरकडे गेलो. मी नायलॉनचे करून मागत होतो, स्वस्त आणि गंजत नाहीत म्हणून. तो म्हणाला, "दादा, आपल्याकडे नको. नायलॉन पाणी पितो, पावसाळ्यात फुगून बोल्ट धरतो. परत जाम." अगदी बरोबर. शेवटी छोट्या टेम्पोचे तयार रबरी बुश घेतले आणि त्यांच्या आतल्या नळ्या आमच्या बोल्टच्या मापाच्या करून घेतल्या. १,१०० रुपये. आज निकालाचा दिवस, टर्नरचं निम्मं लक्ष टीव्हीवर. एक नळी पाव मिलिमीटर सैल झाली, ती त्याने कुरकुर न करता परत करून दिली.

२६ नोव्हेंबर

पाट्यांना झिंक प्रायमर, वाळल्यावर दोन पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात. नवे यू-क्लॅम्प चार, नवे नट आठ. जुने नट वापरायचे नाहीत. पाट्यांची जुडी मधोमध धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं आसाच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंय का ते आरशात बघून खात्री केली. ते भोकाबाहेर राहिलं तर आस सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

सगळं आवळून गाडी खाली घेतली. ८९ मिलिमीटर! उंच झाली. मला वाटलं, पाटे मोकळे झाल्याची खूण.

३० नोव्हेंबर

खूण कसली, ती चूक होती. चार दिवसांत एका बुशचं रबर फाटलं.

रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि झुलण्याचं काम रबराच्या पिळण्यावर चालतं. मी बोल्ट आवळले तेव्हा आस हवेत लोंबत होता. म्हणजे रबराची 'सरळ' अवस्था लोंबतानाची ठरली. गाडी चाकांवर आल्याबरोबर सगळी बुशं कायमची पिळलेली. त्या पिळानेच गाडी उंच राहिली होती.

रीत अशी : बोल्ट घाला, नट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मागे दोन माणसं बसवून चारदा हलवा आणि मग आवळा. बसलेल्या गाडीखाली पाना फिरवायला जागा नसते, म्हणून मी चारही चाकं फळ्यांवर चढवली. फाटलेला बुश १४० रुपये, वाया गेलेले दिवस चार.

परत गोण्या. रिकामी ७४, भरलेली ४४, उतरवून ७१. म्हणजे ३० मिलिमीटर बसते आणि परत येते. ११ वरून ३०! अजून एकही पाटा बदललेला नाही, फक्त मोकळे केलेत.

चालवून बघितली तर वेगळीच गाडी. आता मात्र ती उसळते. पाटे जाम होते तोवर शॉकअप गेलेले कळत नव्हते.

३ डिसेंबर

इथे थांबलो असतो तर पंधरा दिवस वाचले असते. पण हाव सुटली. सहा माणसांना चार पाटे ठीक, एरवी गाडी एक-दोन माणसांनीच धावते. दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढून बघितला. हिशेब सोपा होता, चाराचे तीन झाले तर ३० च्या जागी साधारण ४० मिलिमीटर बसेल. बरोबर तेवढीच बसली : रिकामी ६२, भरलेली २२.

एकटा असताना पाळणा. आई पहिल्यांदा मागे बसून हसली.

७ डिसेंबर

शनिवारचे पाहुणे, सहा जण, धष्टपुष्ट. वाटेत आडवा येणारा पाण्याचा पाट ओलांडताना गाडी धाडकन ठोकळ्यावर. परत येताना पुन्हा. त्या पाहुण्यांनी नंतर बॅगा स्वतः नेल्या.

काढलेला पाटा परत घालायचा, पण असा की रिकाम्या गाडीत तो कामाला लागू नये. ट्रकला असतो तसा हेल्पर. त्यासाठी त्याचा बाक काढून तो सरळसोट करायला हवा, म्हणजे वरचे पाटे बसून सपाट होत आले की मगच त्याला टेकतील. जवळच्या एका गॅरेजात नेला. त्याने गॅसने लाल केला, ठोकून सरळ केला, बादलीत बुडवला. दोन्ही पाटे वीस मिनिटांत, ३०० रुपये. मी खूश.

१० डिसेंबर

एक पाटा उलटा वाकला, दुसऱ्याला बुडवला तिथूनच तडा. लाल केला तिथे पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा लवचिक कडकपणा, उतरलं, बादलीत बुडवून जे मिळालं ते नुसतं ठिसूळपण. माझ्या आजोबांना विळा-कोयतीचं हे ज्ञान होतं. मला पाट्याच्या वेळी आठवलं नाही.

१२ डिसेंबर

शेवटी चिपळूणला कमानवाल्या चाचांकडे, ट्रकचे पाटे करणारे. इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, पाटे टेम्पोत घालून. त्यांनी आमचे पाटे एका हाताने उचलले आणि विचारलं, "ये किसका है, खिलौने का?" मग मराठीत आले. गॅसची गोष्ट ऐकून फक्त मान हलवली. जुन्या छोट्या ट्रकच्या पाट्याचे दोन तुकडे काढले, कमी लांबीचे. बाक थंडाच काढला, घणाचे घाव टप्प्याटप्प्याने, मध्ये मध्ये फळीवर ठेवून डोळा लावून बघत. टोकं गोल घासली, नाहीतर वरच्या पाट्याला खाच पडते. सेंटर बोल्टसह २,२०० रुपये आणि एक चहा, तो त्यांनीच पाजला.

शॉकअपचा सल्लाही त्यांचाच : "आधी दोन मापं घे, मग दुकानात जा."

१४ डिसेंबर

मापं अशी घेतली. आस ठोकळ्याला टेकवला (वर गोण्या, खाली जॅक सैल) तेव्हा शॉकअपच्या दोन बोल्टांमधलं अंतर २२७ मिलिमीटर. गाडी उचलून आस लोंबत ठेवला तेव्हा ३३५. शॉकअप पूर्ण मिटलेला २२७ पेक्षा आखूड हवा, नाहीतर ठोकळ्याआधी तोच ठोकर खाईल आणि त्याचं बूड फुटेल. पूर्ण उघडलेला ३३५ पेक्षा लांब हवा, नाहीतर लोंबणारा आस त्याच्या जिवावर टांगला जाईल. तीनचाकी टेम्पोचा बिनस्प्रिंगचा एक जमला : मिटून २१५, उघडून ३५०. जोडी २,६००.

लावल्यावर पहिले काही इंच फुसके, नुसते आत-बाहेर. पुन्हा फसलो असं वाटलं. पण हे तेलाचे शॉकअप दुकानात आणि गाडीत आडवे पडलेले, तेलाच्या जागी हवा शिरलेली. काढून उभे धरले, पूर्ण दाबले, पूर्ण ओढले, असं पाच-सहा वेळा. सगळीकडे सारखा जोर लागायला लागला. मग आडवे न करता तसेच बसवले, जाड नळी खाली.

गोण्या, शेवटच्या : रिकामी ६३. दोन गोण्यांवर ४३. चार गोण्यांवर ३०. पहिल्या शंभर किलोला वीस, दुसऱ्या शंभरला तेरा. हेल्पर मध्येच हात देतो, हवं होतं तसं. गोण्या परत केल्या. एक थोडी ओली झाली होती, तिचे पैसे दिले.

२९ डिसेंबर

आठवडाभर गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत. ठोकळ्यावर एकदाच टेकली, सहा माणसं आणि वर कलिंगडांची गोणी असताना. साधारण पन्नास किलोमीटर झाल्यावर यू-क्लॅम्प तपासले, आठांपैकी सहा नट पाव फेरा सैल. हे होतंच, रंग आणि ग्रीस दबून जागा होते. न तपासता चालवली तर सेंटर बोल्ट तुटतो.

११ जानेवारी २०२५

उरलेलं मोठं काम गाडीचं नव्हतं. आगराला पाणी द्यायचे दोन पाट वाट ओलांडतात, तिथे चार इंची पाईप पुरून वर चिऱ्याचे तुकडे आणि मुरूम दाबला. पाटाचा दणका गेला. माझी दोन महिन्यांची मेहनत एका बाजूला आणि हे एका सकाळचं काम एका बाजूला, आई या दुसऱ्याचंच कौतुक सांगत फिरते. मागच्या सीटचं प्लायवूड कुजून फोम थेट चौकटीला टेकत होता, तेही बदललं. ४० डेन्सिटीचा फोम, नवं प्लाय, रेक्झिन मिळून २,८००.

आणि वयस्कर पाहुण्यांना आता मागे बसवतच नाही. मागची सीट आसाच्याही मागे लटकते, आस वीतभर उसळला की तिथला माणूस त्याहून जास्त उसळतो. पुढे ड्रायव्हरशेजारी बसवायचं.

आजवरचा खर्च, प्रवास धरून, चौदा हजारांच्या आसपास. त्यातले लाल शॉकअप, गॅसवाला आणि फाटलेला बुश मिळून ३,८४० शुद्ध वाया.

२ फेब्रुवारी

दर रविवारी गोड्या पाण्याने खालून धुतो, नळीने, प्रेशर न मारता, कारण प्रेशरने पाट्यांमधलं ग्रीस निघतं. मोटर आणि वायरिंगवर पाणी जाऊ देत नाही. मांडवाला समुद्राच्या बाजूने झापं बांधली.

डावा मागचा शॅकल सकाळी थंड असताना कुरकुरतो. तो बुश टर्नरने परत करून दिलेल्या नळीचा. पावसाआधी, मे महिन्यात आंबा संपला की उतरवून बघतो.